आहेराची वही आणि माझा इनबॉक्स



गेल्या दिवाळीला याच सदरात मी चकलीच्या भाजणीबद्दल लिहिलं होतं. त्याआधीच्या वर्षी शनिवारच्या मराठी शाळेबद्दल. त्यामुळे यंदा ईमेलबद्दल लिहिते म्हटल्यावर संपादक जरा दचकलेच. "ईमेल? दिवाळी अंकात?" मी म्हटलं, हो. कारण या भाद्रपदात माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती या ईमेलपायीच झाली. आपल्यापैकी कितीतरी जण मंडळाचं, शाळेचं, देवळाचं किंवा घरगुती फराळाच्या ऑर्डरींचं काम स्वतःच्या खासगी खात्यावरून करत असतात. माझी चूक वाचून तुमच्यातल्या एखाद्याची टळली, तर हे सदर यंदा सत्कारणी लागलं म्हणायचं.

नव्या वाचकांसाठी थोडं माझ्याबद्दल. मी मूळची सांगलीची. मराठीत एम. ए. केलं, पाच वर्षं ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवलं, आणि लग्नानंतर इथे ओहायोत आले. आले तेव्हा नोकरीची परवानगी नव्हती, पुढे लेक झाली, आणि मंडळाच्या कामात कधी गुंतले ते कळलंच नाही. घरी असलेली बाई दिसली की मंडळातल्या लोकांना वाटतं, हिच्याकडे वेळच वेळ आहे. त्यात मी मराठीची बाई. "पत्रं तुम्हीच लिहा" असं म्हणत अध्यक्षीणबाईंनी सभासदांची यादी माझ्या हवाली केली.

यादी म्हणजे एक एक्सेलची फाइल. तीनेकशे कुटुंबं, बहुतेकांचे नवऱ्याचा एक आणि बायकोचा एक असे दोन पत्ते. काही पत्ते दहा वर्षांपूर्वीचे. एका रकान्यात "शाकाहारी", दुसऱ्यात "नाटकात काम करतील", तिसऱ्यात नुसतंच "विचारा", काय विचारा ते नाही.

ही पत्रं पूर्वी कशी जायची ते जुन्या सभासदांना आठवत असेल. एका वर्षी एका उत्साही कार्यकर्त्याने सगळे पत्ते "बीसीसी"ऐवजी "टू"मध्ये टाकले होते. सीसी म्हणजे कार्बन कॉपी, टाइपरायटरमध्ये दोन कागदांच्या मधे काळा कार्बन घालायचे त्याची आठवण. बीसीसी म्हणजे ज्या प्रतीचा पत्ता इतरांना दिसत नाही ती. तो एक "बी" राहिला, आणि सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसले. मग "धन्यवाद", "आम्ही चौघे", "माझं नाव यादीतून काढा", "कृपया सगळ्यांना उत्तर देऊ नका" अशी उत्तरं सगळ्यांनी सगळ्यांना दिली. तो रविवार कोणी विसरलेलं नाही.

माझ्या हाती काम आलं तेव्हा वेगळ्याच अडचणी सुरू झाल्या. जीमेलच्या साध्या खात्यावरून दिवसाला साधारण ५०० जणांनाच मेल पाठवता येते. माझे पत्ते त्याहून जास्त. म्हणजे संक्रांतीचं हळदीकुंकू अर्ध्या मंडळाला सोमवारी कळायचं आणि उरलेल्यांना मंगळवारी. त्यातून "आम्हाला मुद्दाम उशिरा कळवलं" हा रुसवा. दुसरी अडचण म्हणजे पत्रं स्पॅममध्ये जाऊन पडायची. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी घाऊक मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. कडकातले कडक नियम दिवसाला ५,००० च्या वर मेल्स पाठवणाऱ्यांना आहेत, पण "पाठवणारा खरोखर तोच आहे का" ही तपासणी लहानमोठ्या सगळ्यांचीच होते. मी एकाच वेळी शेकडो लोकांना एकच मजकूर पाठवते म्हटल्यावर यंत्राला माझा संशय आला, तर त्याचा दोष काय?

मंडळातला एक तरुण मुलगा मार्केटिंगमध्ये नोकरी करतो. मला मावशी म्हणतो, म्हणून आम्ही सगळे त्याला भाचेबुवा म्हणतो. तो म्हणाला, "मावशी, तुम्हाला सीआरएम पाहिजे. लहान संस्थांना फुकट मिळतं. मी लावून देतो."

सीआरएम म्हणजे ग्राहकांशी असलेले संबंध सांभाळणारी व्यवस्था. हे ऐकून मी म्हटलं, "अरे, आपले सभासद म्हणजे काय ग्राहक आहेत?" त्याने मला समजावलं. प्रत्येक माणसाच्या नावाचं एक पान. त्या पानावर त्याचा पत्ता, फोन, तो कोणत्या कार्यक्रमाला आला, कोणत्याला नाही, वर्गणी भरली का, त्याला आपण काय लिहिलं, त्याने काय उत्तर दिलं. सगळं तारीखवार, एका खाली एक.

आणि एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला. ही तर आहेराची वही!

माझ्या आईकडे अशी एक लांबट, लाल कापडी बांधणीची वही होती. मावशीच्या लग्नापासूनची. कोणी किती आहेर केला, कोणी साडी दिली, कोणी भांडं दिलं, कोणी नुसतंच पाकीट दिलं. त्यांच्या घरी कार्य निघालं की आई ती वही काढायची आणि बघून ठरवायची. शेजारच्या काकूंनी मुंजीला एकवीस रुपये दिले होते, मग त्यांच्या मुलीच्या लग्नात त्याहून जरा जास्त द्यायला हवेत. कोणाचं घर सुतकात होतं, कोणाकडे पत्रिका पोचली नव्हती म्हणून राग होता, हेही आई बाजूला बारीक अक्षरात लिहायची. आपल्या बायका शंभर वर्षं सीआरएम चालवत आल्या आहेत, फक्त त्याला महिन्याचं भाडं नव्हतं.

हे कळल्यावर मला त्या गोष्टीची भीती वाटेनाशी झाली. एका शुक्रवारी रात्री, लेक झोपल्यावर, भाचेबुवा फोनवर आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसले. खातं उघडलं, मंडळाचं चिन्ह चढवलं, यादी आत घेतली. मग एक पडदा आला: "तुमचा इनबॉक्स जोडा."

मी विचारलं, "हे कशाला?" तो म्हणाला, "घाऊक पत्रं त्यांच्या सर्व्हरवरून जातील. पण एकेकाला लिहायचं असेल, आठवण करायची असेल, तर ते पत्र तुमच्या नावाने, तुमच्या पत्त्यावरून गेलेलं चांगलं. लोक ओळखीच्या नावाची मेल उघडतात. उत्तर तुमच्या इनबॉक्सात येईल आणि एक प्रत आपोआप त्या माणसाच्या पानावर लागेल."

ऐकायला किती सोयीचं! मी बटण दाबलं. गूगलचा पडदा आला. त्यावर लिहिलं होतं, या सेवेला तुमची सगळी ईमेल वाचण्याची, लिहिण्याची, पाठवण्याची आणि कायमची पुसून टाकण्याची परवानगी तुम्ही देत आहात. खाली "परवानगी द्या".

मंडळी, मी वर्गात मुलांना सांगायचे की प्रश्न दोनदा वाचा, मगच उत्तर लिहा. मी तो मजकूर एकदाही नीट वाचला नाही. घड्याळात साडेअकरा वाजले होते. दाबलं बटण.

यात पासवर्ड द्यावा लागत नाही, म्हणून आपल्याला वाटतं की काही धोका नाही. पासवर्ड दिला नाही हे चांगलंच. पण आपण त्या सेवेला आपल्या घराची दुसरी किल्ली करून दिलेली असते. ती किल्ली कोणकोणत्या खोल्या उघडते, ते त्या पडद्यावर लिहिलेलं असतं. आपण वाचत नाही, इतकंच.

पहिले दोन आठवडे मजेत गेले. पत्रं एकाच वेळी सगळ्यांना जाऊ लागली. प्रत्येकाच्या नावाने सुरुवात. नुसतं "प्रिय सभासद" नाही. कोणी मेल उघडली, कितीदा उघडली, हेही दिसायचं. पत्रात डोळ्यांना न दिसणारं एक इवलंसं चित्र लपवलेलं असतं. मेल उघडली की ते चित्र मागवलं जातं, आणि पाठवणाऱ्याला कळतं. एका काकूंनी मोदक स्पर्धेची मेल सात वेळा उघडली होती. मला हसू आलं, आणि लगेच जरा ओशाळल्यासारखंही झालं. कोणाच्या खिडकीत डोकावल्यासारखं. आमच्या खजिनदारकाकांनी तर माझी प्रत्येक मेल पोचताक्षणी उघडलेली दिसायची, आणि समोर भेटले की विचारायचे, "मेल? कुठली मेल?" भाचेबुवांनी उलगडा केला. ॲपलने २०२१ सालापासून आपल्या मेलमध्ये अशी सोय दिली आहे की ती चित्रं आधीच परस्पर मागवून ठेवली जातात, म्हणजे माणसाने खरंच उघडली की नाही ते कळू नये. काका बिचारे निर्दोष होते. म्हणजे निदान त्या बाबतीत.

मग पहिला झटका. यादी भरताना मी मंडळाच्या गटाऐवजी माझ्या फोनमधले सगळेच पत्ते निवडून आत घेतले होते. गणेशोत्सवाचं निमंत्रण लेकीच्या दंतवैद्यांना गेलं. घराच्या मालकीणबाईंना गेलं. सांगलीतल्या माझ्या माजी प्राचार्यांनाही गेलं. दंतवैद्यांकडून नम्र आभार आले. मालकीणबाईंनी विचारलं, ढोल किती वाजेपर्यंत वाजणार आहेत? आणि आमच्या सरांनी उत्तर पाठवलं ते असं: "निमंत्रण मिळाले. आनंद झाला. 'तीर्थप्रसाद'मधली ती दीर्घ असते." मी मेल पुन्हा पाहिली. तीनेकशे घरांत ऱ्हस्व "तिर्थप्रसाद" जाऊन पोचला होता. एम. ए. मराठी!

यावर आम्ही कार्यकर्ते पोट धरून हसलो. पत्ते निवडून काढून टाकले. मला वाटलं, झाली ती चूक एवढीच.

दुसरी गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. ती ज्या मैत्रिणीची आहे, तिला विचारूनच लिहिते आहे. तिचं नाव, गाव काहीच सांगणार नाही. ती, एवढंच.

गणेशोत्सवाच्या दहा दिवस आधी, ज्यांची नोंदणी आली नव्हती त्यांना मी त्या सीआरएममधूनच, पण माझ्या पत्त्यावरून, एकेक छोटी आठवण पाठवली. "अगं, यंदा नाव दिसलं नाही, येताय ना?" तिचं उत्तर आलं: "यंदा जमणार नाही बहुतेक." दरवर्षी आरतीच्या ताटापाशी पहिली उभी राहणारी ही बाई. मी साहजिकच लिहिलं, "का गं? सगळं ठीक ना?"

रात्री तिचं लांबलचक पत्र आलं. नवऱ्याची नोकरी गेली होती. एच-१बी व्हिसावर नोकरी गेली की दुसरी शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. तेवढ्यात नव्या मालकाने अर्ज केला नाही, तर देश सोडायची किंवा व्हिसाची दुसरी काही व्यवस्था करायची वेळ येते. त्यांचे एकतीस दिवस संपले होते. तिच्या आईबाबांना सांगितलेलं नव्हतं, सासरी तर नाहीच. मुलाची शाळा नुकतीच सुरू झाली होती. तिकिटांचे पैसे आत्ता खर्च करवत नाहीत, पण मुलगा गणपतीसाठी हट्ट धरून बसला आहे, तर मी दिवसभर स्वयंपाकघरात कामाला उभी राहिले तर चालेल का, असं तिने विचारलं होतं. शेवटी एक ओळ: "हे कोणाला सांगू नकोस."

मी तिला लगेच उत्तर लिहिलं. काय लिहिलं ते आमच्यातच राहू दे. सकाळी फोनवरही बोललो. मी कोणालाही, अगदी आमच्या ह्यांनाही, काही सांगितलं नाही.

पण माझं यंत्र सांगून मोकळं झालं होतं. पहिली आठवण मी सीआरएममधून पाठवली होती. त्यामुळे तिच्यावरचं प्रत्येक उत्तर, आणि उत्तरावरचं उत्तर, आपोआप तिच्या नावाच्या पानावर जाऊन लागत होतं. आणि ते पान मंडळाच्या सात कार्यकर्त्यांना उघडता येत होतं. जेवणाच्या पानांचा हिशोब करणाऱ्या एका ताईंनी कोण येणार, कोण नाही हे बघायला तिचं पान उघडलं, आणि सगळं वाचलं.

या ताई मनाने सोन्यासारख्या आहेत. त्यांनी लगेच तिला फोन केला. "अगं वेडे, पैशाचं काय घेऊन बसलीस? आपण सगळे आहोत ना! तुम्ही तिघंही या." त्यांना वाटलं आपण धीर देतोय. पलीकडे ती फोन हातात धरून गप्प बसली होती.

दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. ती रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "मी तुला सांगितलं होतं गं. मंडळाला नाही."

मला आधी काही कळेचना. मी शपथेवर सांगत होते की मी तोंड उघडलेलं नाही, आणि ती म्हणत होती, मग त्यांना आपोआप कळलं का? हो, आपोआपच कळलं होतं. पण त्या क्षणी हे कोणाला खरं वाटेल? फोन ठेवल्यावर मी ते पान उघडलं. तिचं पत्र तिथे होतं. वर तारीख, वेळ, आणि खाली "जेवण: शाकाहारी, तीन पानं".

आमच्या लहानपणी घरी पोस्टकार्ड यायचं आणि अंतर्देशीय यायचं. पोस्टकार्ड पोस्टमनकाकांपासून सगळ्यांनी वाचलेलं असायचं, त्यामुळे त्यात "सर्व खुशाल" यापलीकडे कोणी काही लिहायचं नाही. मनातलं लिहायचं ते अंतर्देशीयमध्ये, तिन्ही बाजूंनी चिकटवून. तिने मला अंतर्देशीय पाठवलं होतं. मी माझं खातं त्या यंत्राला जोडून त्याचं पोस्टकार्ड केलं, आणि तिला ते सांगितलंही नाही. कारण मलाच ठाऊक नव्हतं.

त्या रात्री मी बसून सगळं समजून घेतलं. पहाटेपर्यंत. ते तुमच्यासाठी इथे सांगते, कारण यातली एकेक गोष्ट मला आधी कोणी सांगितली असती तर बरं झालं असतं.

पहिली गोष्ट: जोडणी तोडली म्हणजे झालेलं पुसलं जात नाही. मी आधी घाईघाईने सीआरएममध्ये जाऊन इनबॉक्स तोडला. पण तोवर पानांवर लागलेल्या प्रती तशाच राहिल्या. त्या एकेक करून, हाताने पुसाव्या लागल्या. फक्त तिच्याच नाहीत. एका काकांनी आठवणीला उत्तर देताना स्वतःच्या शस्त्रक्रियेची तारीख लिहिली होती. एका जोडप्याने वेगवेगळ्या गाड्यांतून का येणार ते लिहिलं होतं. माणसं ओळखीच्या बाईला लिहितात तेव्हा असंच लिहितात.

दुसरी: किल्ली दोन्हीकडून काढायची. गूगल खात्याच्या सेटिंगमध्ये "थर्ड पार्टी" सेवांची यादी असते. तिथे जाऊन त्या सेवेची परवानगी रद्द करायची. मी ती यादी उघडली तर तिथे सहा वर्षांपूर्वीचं एक कोडं सोडवायचं ॲप अजून ठाण मांडून बसलेलं होतं. आज हा अंक बाजूला ठेवून तुमची यादी उघडून बघा. फराळाला बसण्याआधी पाच मिनिटं लागतील.

तिसरी: जोडायचंच असेल, तर नोंदीचे पर्याय आधी बघायचे. बहुतेक अशा सेवांत "या पत्त्यांची नोंद कधीच करू नका" अशी एक यादी ठेवता येते. घरचे, डॉक्टर, वकील, जवळच्या मैत्रिणी त्यात घालता येतात. उत्तरांची आपोआप नोंद बंद करता येते. कोणाला कोणतं पान दिसावं हेही ठरवता येतं. जेवणाची पानं मोजणाऱ्याला पत्रं दिसायची गरज नाही, त्याला आकडा दिसला की पुरे. आमच्याकडे सातही जणांना सगळं खुलं होतं, कारण सुरुवातीला तसं असतं आणि आम्ही ते बदललं नव्हतं.

चौथी, आणि खरी: खासगी खातं जोडायचंच नाही. संस्थेला स्वतःचा पत्ता हवा. मंडळाचं संकेतस्थळ होतंच, त्याच नावावर एक टपालपेटी घेतली. मग भाचेबुवांनी डोमेनच्या सेटिंगमध्ये तीन नोंदी घातल्या. त्यांची नावं एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क. घाबरू नका. पहिली सांगते की आमची पत्रं कोणकोणत्या पोस्टातून निघतात. दुसरी म्हणजे पाकिटावरची लाखेची मोहोर, वाटेत कोणी पाकीट फोडून मजकूर बदलला तर कळावं म्हणून. तिसरी सांगते, या दोन्हींतून ओळख पटली नाही तर त्या पत्राचं काय करायचं. हे झाल्यावर आमची पत्रं स्पॅममध्ये पडण्याचं प्रमाण खूपच कमी झालं. जीमेलचा पत्ता लावून दुसऱ्याच कोणाच्या सर्व्हरवरून घाऊक पत्रं पाठवली तर ती संशयास्पद ठरतात. म्हणजे मी सुरुवातीपासून जे करू पाहत होते तेच चुकीचं होतं.

पाचवी: ज्याला पत्रं नको असतील त्याला सहज बाहेर पडता आलं पाहिजे. अमेरिकेत जाहिरातवजा मेलसाठी २००३ सालचा कायदा आहे. पत्राखाली पाठवणाऱ्याचा टपालाचा पत्ता हवा, नाव काढायची सोय हवी, आणि कोणी नाव काढा म्हटलं तर कामकाजाच्या दहा दिवसांत ते काढायला हवं. आपल्या पत्रकात प्रायोजकांच्या जाहिराती असतात. तेव्हा आपल्याला हे लागू आहे की नाही यावर वाद घालण्यापेक्षा पाळलेलं बरं. आता प्रत्येक पत्राखाली ती ओळ असते. कोणी नाव काढलं म्हणून "आमच्यावर का रागावलात" असा फोन करायचा नाही, हेही ठरलं आहे.

हे सगळं मी कार्यकारिणीच्या बैठकीत मांडलं. ताईंनी तिथेच डोळ्यांत पाणी आणून सांगितलं की मी चांगल्या मनानेच फोन केला होता. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, पान माझ्यामुळे उघडं राहिलं होतं. खजिनदारकाका म्हणाले, "अहो, पण एवढं लपवण्यासारखं काय आहे? परदेशात आपण सगळे एकाच कुटुंबासारखे. अडचण कळली म्हणून तर मदत करता येते."

काकांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. याच मंडळाने एका कुटुंबाचं घर जळालं तेव्हा दोन दिवसांत संसार उभा करून दिला होता. मीही अशाच मदतीवर इथे रुळले. पण मी काकांना माझ्या आईची वही सांगितली. ती वही कुटुंबासाठीच होती, पण ओसरीवर उघडी पडलेली नसायची. आईच्या ट्रंकेत, साड्यांच्या खाली असायची. कोणी अडचणीत होतं म्हणून आहेर कमी आला, हे फक्त आईला ठाऊक असायचं, आणि त्या माणसाला ते कधी जाणवू न देणं हीसुद्धा मदतच होती. अडचण कोणाला सांगायची, हे ज्याची अडचण आहे त्याने ठरवायचं.

काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ठराव लिहून घ्या." तीन ओळींचा ठराव झाला. मंडळाची पत्रं मंडळाच्याच पत्त्यावरून जातील. सभासदाच्या पानावर कार्यक्रम, वर्गणी आणि जेवण यापलीकडे काही लिहिलं जाणार नाही. आणि पैशाची अडचण असेल तर तिकिटाचा रकाना रिकामा ठेवायचा, कारण विचारलं जाणार नाही.

गणपतीच्या दिवशी ती आली नाही. तिचा नवरा मुलाला घेऊन आरतीपुरता येऊन गेला. मी प्रसाद डब्यात भरून त्याच्या हाती दिला. तीन आठवडे तिचा फोन नाही, मीही केला नाही. करावा की करू नये, हे ठरवण्यातच दिवस गेले. कोणाची चूक यंत्राची म्हणता येते, तेव्हा माफी मागायलाही शब्द सापडत नाहीत. शेवटी मी तिला एक पत्र लिहिलं. कागदावर, पेनने. माझं अक्षर अजून बरं आहे. त्यात यंत्राचं काही स्पष्टीकरण दिलं नाही. एवढंच लिहिलं की न वाचता मी परवानगी दिली, आणि त्याची किंमत तुला पडली.

सप्टेंबरच्या शेवटी एका सकाळी दार वाजलं. ती उभी होती, हातात माझा तोच डबा. नवऱ्याला नोकरी मिळाली होती, दुसऱ्या राज्यात. साठातले त्रेपन्न दिवस झाले असताना. महिन्याभरात घर हलवायचं होतं. आत येऊन स्वयंपाकघरात बसली. चहा झाला. पत्राबद्दल ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. जाताना म्हणाली, "तू लिही हे तुझ्या सदरात. माझ्यासारख्या आणखी असतील." मग डबा पुढे केला. डबा रिकामा परत द्यायचा नाही, ही आपली रीत. आत नारळाच्या वड्या होत्या.

सगळं पूर्वीसारखं झालंय का? माहीत नाही. पण वड्या चांगल्या झाल्या होत्या, आणि डबा मी पुन्हा भरून तिच्या नव्या घरी पाठवणार आहे.

तर मंडळी, या दिवाळीचं निमंत्रण तुम्हाला मंडळाच्या पत्त्यावरून येईल. त्याला उत्तर देताना नाव आणि किती जण एवढंच लिहा. ते पोस्टकार्ड आहे, असं समजा. आणि मला काही वेगळं सांगायचं असेल, तर माझा जुना पत्ता तुमच्याकडे आहेच. तो आता कशालाही जोडलेला नाही. नाहीतर सरळ फोन करा, चहाला या.

तुम्हा सर्वांना आणि भारतात हा अंक वाचणाऱ्या आईबाबा, सासूसासरे, मामा-मावश्यांना दीपावलीच्या मनःपूर्वक शुभेच्छा! ("दीपावली"मधली "दी" दीर्घच आहे ना, सर?)